मुलांचा वाढदिवस: चक ई. चीज की डेव्ह अँड बस्टर्स?

डॅलसच्या आसपासच्या मराठी घरांत मूल चार-पाच वर्षांचं झालं की हा प्रश्न येतोच. सकाळी औक्षण होतं, शिरा होतो, पुण्या-नाशिकचे व्हिडिओ कॉल होतात. पण संध्याकाळचं काय? वर्गातली मुलं, शेजारची मुलं, मंडळातली चार कुटुंबं आणि त्या सगळ्यांची भावंडं असा आकडा वाढत जातो आणि घरातला हॉल पुरत नाही. पार्कात करावं तर इथलं ऊन मे महिन्यातच डोक्यावर बसतं. मग गाडी दोन नावांशी येऊन थांबते: चक ई. चीज आणि डेव्ह अँड बस्टर्स, म्हणजे खाणं आणि खेळांची यंत्रं एकाच छताखाली देणाऱ्या दोन साखळ्या.

दोन्ही साखळ्या आपल्या शेजारच्याच. चक ई. चीजचं मुख्यालय अर्व्हिंगला, डेव्ह अँड बस्टर्सचं कोपेलला. दोन्ही गावं एकमेकांना लागून आहेत आणि दोन्हीकडे आपली माणसं भरपूर आहेत. आमच्या घरात थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी, वयात बरंच अंतर, त्यामुळे दोन्हीकडे वाढदिवस करून झाले आहेत. पिझ्झा, खेळ, खेळात जिंकलेली तिकिटं आणि ती देऊन काउंटरवर मिळणारी बक्षिसं हे तुम्हाला माहीत असणार, ते इथे पुन्हा सांगत नाही. पॅकेजचे दर शाखेप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलतात, ते त्यांच्या अ‍ॅपवर पाहा. माझ्या दृष्टीने निर्णय पैशावर ठरत नाही. तो ठरतो दारावर.

दाराचं असं का म्हणतो ते कळायला या दोन जागा कुणासाठी जन्माला आल्या हे आधी बघावं लागतं.

चक ई. चीज सुरू केलं नोलन बुशनेल यांनी, अटारी या व्हिडिओ गेम कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला ‘पिझ्झा टाइम थिएटर’ या नावाने पहिली शाखा उघडली. तेव्हा व्हिडिओ गेमची यंत्रं असत ती मुख्यतः बारमध्ये, म्हणजे मुलांच्या आवाक्याबाहेर. घरची माणसं पोरांना घेऊन येतील आणि पोरं खेळतील अशी जागा हवी, हा त्यामागचा विचार. पिझ्झाच का? तर तो भट्टीतून यायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात मुलं यंत्रांवर असतात. किती साधा आणि पक्का हिशेब! पुढे १९८४ मध्ये दिवाळं, मग शोबिझ पिझ्झा या प्रतिस्पर्ध्याशी विलीनीकरण, २०२० च्या कोविडात पुन्हा दिवाळखोरीचा अर्ज आणि त्याच वर्षाअखेर त्यातून सुटका, असा बराच चढउतार झाला. तरी गिऱ्हाईक बदललं नाही. ते तेव्हाही लहान मूल होतं, आजही आहे.

डेव्ह अँड बस्टर्सचं मूळ आर्कान्सॉमधल्या लिटल रॉकचं. तिथे डेव्हिड कॉरिव्हो यांचं खेळांचं ठिकाण आणि जेम्स ‘बस्टर’ कॉर्ली यांचं खाण्यापिण्याचं ठिकाण शेजारी शेजारी होतं. तीच माणसं एकीकडून दुसरीकडे जात. ते पाहून दोघांनी भागीदारी केली आणि १९८२ मध्ये डॅलसमधल्या ४०,००० चौरस फुटांच्या एका गोदामात दोन्ही गोष्टी एका छताखाली आणल्या. म्हणजे इथलं मूळ गिऱ्हाईक काम आटोपून आलेला मोठा माणूस. मुलं नंतर आली, आणि आली ती मोठ्यांचं बोट धरून. आजही बहुतेक शाखांत अठराच्या आतल्या मुलाबरोबर पंचवीस किंवा त्याहून जास्त वयाचं माणूस असावं लागतं आणि एका माणसामागे सहाच मुलं चालतात. बार असलेल्या जागेत हा नियम योग्यच आहे. पण वाढदिवसाला पंधरा मुलं बोलावली तर त्याचा अर्थ काय होतो, याचा हिशेब आधी करून ठेवायला हवा. आई-बाबा मुलाला सोडून दोन तासांनी घ्यायला येतील, अशा पद्धतीची पार्टी तिथे सहज जमत नाही.

आता दाराकडे येतो.

थोरल्याचा एक वाढदिवस आम्ही या दोन्हींपैकी कुठेच नाही, तर तिसऱ्याच एका गेमिंग हॉलमध्ये केला होता. जागा मोठी, नवी, खेळ उत्तम. दार मात्र थेट पार्किंगमध्ये उघडणारं, काचेचं, नुसतं ढकललं की उघडणारं, आणि त्यापाशी उभं राहायला कुणीही नेमलेलं नव्हतं. पहिल्या पाच मिनिटांत एक तीन वर्षांचं भावंड त्या दारापर्यंत पोहोचलं. तिथून पुढे आम्ही चार बाबालोक आळीपाळीने दाराशी उभे. पिझ्झा आला तो दाराशी उभं राहूनच खाल्ला. केक कापला तेव्हा माझी पाळी होती. त्या दिवसाच्या फोटोंत मुलगा आहे, बायको आहे, आजी-आजोबा आहेत, मित्र आहेत, आणि मी एकाही फोटोत नाही. कुणाला काही झालं नाही, पण दोन तास जीव टांगणीला लागून राहिला. तेव्हापासून मुलांसाठीची कुठलीही जागा बघायला गेलो की मी आधी दार बघतो.

चक ई. चीजचं दार वेगळं आहे. त्यांच्याकडे ‘किड चेक’ नावाची पद्धत आहे. आत शिरताना एक कर्मचारी तुमच्या हातावर आणि मुलाच्या हातावर एकाच क्रमांकाचा शिक्का मारतो. शाई डोळ्यांना दिसत नाही. मुलांना वाटतं काही उमटलंच नाही, म्हणून ती हात उलटसुलट करून बघतात. निघताना दाराशी तोच हात जांभळ्या दिव्याखाली धरायचा, की आकडे चमकून उठतात. मुलाचा आकडा आणि मोठ्याचा आकडा जुळला तर दार मोकळं, नाही जुळला तर थांबा. ज्याच्याबरोबर आलं त्याच्याचबरोबर मूल बाहेर पडतं. यात मोठी यंत्रणा काही नाही. एक शिक्का, एक दिवा आणि दाराशी उभं एक माणूस. पण त्या एका माणसामुळे बाकीचे सगळे आई-बाप खुर्चीला पाठ टेकून बसू शकतात.

हे कुठल्याही यंत्राने मोजता येणार नाही, पण मला त्याचा फरक आमच्या आईच्या चेहऱ्यावर दिसला. आई-बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. आईला गर्दीच्या जागेत नातवंडं नजरेआड झाली की जेवण जात नाही. धाकटीच्या वाढदिवसाला तिने आधी सवयीने उठून ‘कुठे गेली गं ती?’ असं विचारलं. मग तिला तो शिक्का आणि दिवा दाखवला. कुण्या अनोळखी माणसाला आपलं मूल घेऊन जाता येत नाही, हे तिला नीट समजावून सांगितलं. त्यानंतर ती बसली, आणि शेजारच्या टेबलावरच्या तेलुगू आजीशी खुणांनी आणि मोडक्या हिंदीने छान गप्पा मारल्या. बाबांनी तर नातवाबरोबर बास्केटबॉलचे चेंडू टाकले.

एक सूचना मात्र आठवणीने सांगतो. मूल आईबरोबर आलं आणि घ्यायला बाबा येणार असतील, तर आत शिरतानाच दारावर सांगून ठेवा. मित्राच्या आई-बाबांबरोबर आलेल्या मुलांचंही तेच. नाहीतर निघायच्या घाईत दाराशी खोळंबा होतो. आणि शिक्का आहे म्हणून मुलांकडे बघायचंच नाही असं अर्थातच नाही. आतल्या आत पोरं पडतात, भांडतात, रांगेत घुसतात. फक्त नजर दारावरून निघून मुलांवर येते, एवढाच फरक. माझ्या लेखी तो फार मोठा आहे.

डेव्ह अँड बस्टर्समध्ये हा दाराचा प्रश्न नियमानेच वेगळ्या रीतीने सोडवलेला आहे: मूल आणि मोठं माणूस बरोबरच असायला हवं. त्यामुळे तिथे तुम्ही मुलाच्या मागे चालत राहता. दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत यात मजाच असते, कारण खेळ तुम्हालाही खेळायचे असतात. पाच वर्षांच्या मुलीमागे, तिची उंची न पोहोचणाऱ्या यंत्रांमधून फिरताना, मला तरी तेवढी मजा वाटत नाही. हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे, हे मान्य.

पैशाबद्दल एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. चक ई. चीजमध्ये तुम्ही वेळ विकत घेऊ शकता: ठरावीक मिनिटं, त्यात हवे तितके खेळ. डेव्ह अँड बस्टर्सच्या कार्डावर चिप्स, म्हणजे खेळायला लागणारे गुण, असतात आणि प्रत्येक खेळाच्या चिप्स निराळ्या. लहान मुलाला वेळेचाच सौदा बरा पडतो. ते एकाच यंत्रावर सात वेळा चढतं, दुसऱ्यावर अर्ध्यात सोडून देतं, तिसऱ्याची नुसती बटणं दाबतं, आणि ‘हा नको, तो महाग आहे’ असं त्याला एकदाही म्हणावं लागत नाही. मोठ्या मुलाला मात्र चिप्स हिशेब शिकवतात. आमचा थोरला कोणत्या यंत्रावर किती गेले आणि किती तिकिटं आली याचा हिशेब तोंडी ठेवतो. वेळ विकत घेतली तर ती पिझ्झा खाऊन झाल्यावर घ्या, म्हणजे घासागणिक ‘बाबा, माझी मिनिटं चालली’ हे ऐकावं लागणार नाही. डेव्ह अँड बस्टर्सला जायचं तर बुधवार पाहा, त्या दिवशी खेळ अर्ध्या दरात ही त्यांची जुनी प्रथा आहे.

खाण्याचं. मोठ्या माणसाच्या जिभेचा विचार केला तर डेव्ह अँड बस्टर्स पुढे आहे. मेनू मोठा आहे, टेबलावर वाढपी येतो, चार माणसं चार वेगळ्या गोष्टी मागवू शकतात. मोठ्या पडद्यांवर सामने चालू असतात, तेही काकामंडळींना आवडतं. पण तो सगळा अमेरिकन ग्रिलचा मामला आहे. शाकाहारी माणसाला मेनू खालपर्यंत वाचावा लागतो. चक ई. चीजचा पिझ्झा मुलांसाठी केलेला, सौम्य. २०२० मध्ये दारं बंद असताना याच भट्ट्यांतला पिझ्झा ‘पास्क्वालीज’ या नावाने घरपोच विकला जात होता आणि बऱ्याच लोकांना तो कुठून येतो हे कळलंही नव्हतं. माझ्या मते तो चवीला ठीक आहे आणि मुलं आवडीने खातात. आपल्या मंडळींसाठी मुद्दा असा की चीज पिझ्झा आणि भाज्यांचा पिझ्झा मागवला की बहुतेकांचं भागतं. चीजमधलं रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते, बहुधा वासराच्या पोटातून काढलेलं द्रव्य) ज्यांना चालत नाही त्यांनी मात्र आधी विचारून घ्यावं.

याहून महत्त्वाचा आहे केक. आपल्याकडे पाहुण्यांत अंडं न खाणारं एखादं तरी घर असतंच, आणि आजी-आजोबा आलेले असले तर नक्की असतं. चक ई. चीजमध्ये बाहेरचं खाणं आणता येत नाही, पण वाढदिवसाचा केक त्याला अपवाद आहे. त्यामुळे आपल्या भारतीय बेकरीतला बिनअंड्याचा केक घेऊन गेलो तर अडचण येत नाही. तरी बुकिंग करतानाच सांगून ठेवलेलं चांगलं. डेव्ह अँड बस्टर्सला न्यायचा असेल तर शाखेला फोन करून विचारा.

चक ई. चीजमध्ये वाढदिवसाच्या मुलासाठी एक गोष्ट अशी आहे की ती पाहिल्यावर आमच्या घरातला वाद संपला. तिला ‘तिकीट ब्लास्टर’ म्हणतात. पारदर्शक नळकांड्यासारखी उभी पेटी, आत एकच मूल, डोळ्यांवर चश्मा. पंखा सुरू झाला की कागदी तिकिटं पाचोळ्यासारखी गरगर फिरू लागतात आणि मूल दोन्ही हातांनी पकडत सुटतं. धाकटीने काही फ्रॉकमध्ये कोंबली, काही बगलेत धरली. काचेबाहेर सगळी पोरं ओरडून तिला दाखवत होती, ‘मागे बघ, मागे!’ एरवी आता कागदी तिकिटं राहिलेली नाहीत, सगळं कार्डावर जमा होतं. २०२० मध्ये कंपनीने साठून राहिलेली जवळपास सात अब्ज कागदी तिकिटं नष्ट करण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागितली होती, यावरून त्या कागदाचा केवढा कारभार होता ते कळतं. त्यामुळे या पेटीतली खरीखुरी तिकिटं मुलांना आणखीच अपूर्वाईची वाटतात.

जुन्या अमेरिकन आई-बाबांना इथे एका गोष्टीची हळहळ वाटते. रंगमंचावर वाजवणारे, मान हलवणारे यांत्रिक प्राणी आता जवळपास सगळ्या शाखांतून गेले. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजसह मोजक्याच ठिकाणी ते मुद्दाम राखले आहेत. त्यांच्या जागी उजेडाची नाचायची फरशी आली आणि चक ई. चीज हा जो त्यांचा उंदीर, त्याचा पोशाख घातलेलं माणूस मुलांबरोबर नाचायला येतं. आपण सांगली-सोलापुरात वाढलेलो, आपल्याला त्या प्राण्यांची आठवण नाही, त्यामुळे काही हरवल्यासारखंही वाटत नाही. उलट नाच मुलांना जास्त आवडतो. अगदी लहान बाळाला मात्र तो उंच उंदीर एकदम समोर आला तर धसका बसतो. बाळ असेल तर रंगमंचापासून दूरचं टेबल मागा.

आवाज दोन्हीकडे आहे आणि तो कमी लेखू नका. यंत्रांचा, गाण्यांचा, मुलांचा, सगळा एकत्र. ज्या मुलाला गोंगाट आणि चमकते दिवे सोसत नाहीत, त्याच्या घरच्यांसाठी चक ई. चीजचा एक उपक्रम मला मनापासून सांगावासा वाटतो. अनेक शाखांत महिन्याच्या पहिल्या रविवारी नेहमीपेक्षा दोन तास लवकर दार उघडतात, दिवे मंद, संगीत बंद किंवा अगदी हळू, गर्दी कमी. ऑटिझम असलेल्या मुलांचा विचार करून हे सुरू झालं. आमच्या ओळखीतलं एक मूल पूर्वी कुठल्याच वाढदिवसाला पूर्ण वेळ थांबायचं नाही, कान झाकून आईला बाहेर ओढायचं. अशा एका रविवारी ते शेवटपर्यंत खेळलं. त्याची आई म्हणाली, ‘आज पहिल्यांदा मला कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.’ तुमच्या पाहुण्यांत असं मूल असेल तर बाकी सगळे मुद्दे बाजूला ठेवून तो रविवार बघा. कोणत्या शाखेत आहे ते आधी विचारा.

आता दुसऱ्या पारड्यात जे आहे तेही पूर्ण टाकायला हवं. डेव्ह अँड बस्टर्सचे खेळ मोठे आहेत आणि ते खरोखर मोठ्या मुलांचे आहेत. शर्यतीच्या गाड्यांत बसल्यावर अंग हलतं, आभासी वास्तवाचा चष्मा घालून चौघं एकाच वेळी खेळू शकतात. थोरला साधारण नवव्या-दहाव्या वर्षी एकदम म्हणाला, ‘चक ई. चीज बाळांचं आहे.’ तो दिवस प्रत्येक घरात येतो. त्यानंतर त्याला तिथे ओढून नेण्यात अर्थ नसतो. मुंज झालेल्या वयाच्या मुलाला उंदराबरोबर नाचायला सांगणं बरं नाही. त्याच्या मित्रांची संख्या एव्हाना कमी आणि पक्की झालेली असते, त्यामुळे एका मोठ्यामागे सहा मुलांचा नियमही आड येत नाही. आणि बाबांनाही खेळता येतं.

या दोघांच्या मधल्या वयासाठी, म्हणजे सात ते दहा, मेन इव्हेंट आहे, त्याचंही मूळ आपल्या टेक्सासचंच. बोलिंग आणि लेझर टॅग यांच्याभोवती उभी राहिलेली ही साखळी २०२२ मध्ये डेव्ह अँड बस्टर्सनेच विकत घेतली. तिकडे चक ई. चीजने २०२५ मध्ये मोठ्यांसाठी मॉलमध्ये ‘चक्स आर्केड’ उघडायला सुरुवात केली. म्हणजे दोघंही एकमेकांच्या अंगणात पाय टाकू लागले आहेत, आणि काही वर्षांनी ही तुलना कदाचित वेगळी लिहावी लागेल.

सुट्टीत भारतात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डेव्ह अँड बस्टर्सची भारतातली पहिली शाखा २०२४ च्या अखेरीस बंगळुरूला उघडली ती मालपाणी समूहाने, म्हणजे आपल्या संगमनेरच्या मंडळींनी. खोपोलीचं इमॅजिकाही आता त्यांच्याचकडे आहे. मुलांना तिकडेही ओळखीचं नाव दिसलं तर त्यांना फार आनंद होतो, भावंडांपुढे थोडी ऐट करता येते.

आमच्यापुरतं सांगायचं तर धाकटीचा यंदाचा वाढदिवस चक ई. चीजमध्येच आहे, रविवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आत. तुमचं मूल सात-आठच्या आतलं असेल, पाहुण्यांत लहान भावंडं असतील आणि आजी-आजोबा आलेले असतील, तर मला वाटतं तुम्हीही तिकडेच झुकावं. तरी पक्कं करण्याआधी एकदा मुलांना न घेता, शनिवारी दुपारी पाचच्या सुमाराला शाखेत जाऊन या. दाराशी माणूस उभा आहे का आणि निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे हात दिव्याखाली धरले जातात का, ते दहा मिनिटं उभं राहून बघा, कारण शेवटी सगळं त्या शाखेतल्या माणसांवर अवलंबून आहे. मूल दहाच्या पुढचं असेल तर डेव्ह अँड बस्टर्सचा बुधवार घ्या, मोजके मित्र न्या, आणि मुलांमागून तुम्हीही खेळा.